गॅलेक्सीत नवा ठिपका दिसलाय, कळवू का?

प्रश्न: आता रोबोटिक सर्व्हे (आपोआप चालणाऱ्या दुर्बिणी) अख्खं आकाश चाळतात, मग हौशी माणसाला सुपरनोव्हा, म्हणजे फुटणारा तारा, मिळणार तरी कसा?

मिळतो हो! १९ मे २०२३ ला जपानच्या कोइची इतागाकींनी एम १०१ या गॅलेक्सीत एक पकडलाच की, आणि तेही हौशीच. सर्व्हे त्याच जागेवर परत यायला एखाद-दोन दिवस लागतात, वर ढग आले की तेवढी रात्र गेलीच, ही फट आपल्यासाठी. अर्जेंटिनाचे व्हिक्टर बूसो सप्टेंबर २०१६ मध्ये नुसता नवा कॅमेरा तपासायला एनजीसी ६१३ या गॅलेक्सीचे फोटो काढत बसले होते, सुरुवातीच्या फोटोंत काहीच नाही, थोड्या वेळाने काढलेल्यांत ठिपका, म्हणजे तारा फुटतानाचा अगदी पहिला उजेड! मला आजही हे वाचून अंगावर काटा येतो.

प्रश्न: माझ्या फोटोत ठिपका आहे, जुन्या फोटोत नाही. लगेच कळवू?

थांबा जरा. स्टॅक केलेला (अनेक फ्रेम एकत्र करून बनवलेला) फोटो बाजूला ठेवा आणि सुटे फ्रेम उघडा, ठिपका एकाच फ्रेममध्ये असेल तर तो कॉस्मिक रे, म्हणजे अंतराळातून येऊन सेन्सरवर आदळलेला कण. सगळ्यांत असेल तर आजूबाजूच्या ताऱ्यांसारखाच गोल, मऊ कडांचा आहे का बघा, टोकदार चौकोनी असेल तर हॉट पिक्सेल, म्हणजे कॅमेऱ्याचाच बिघडलेला ठिपका. मग अर्ध्या-पाऊण तासाने परत फोटो घ्या, लघुग्रह असला तर बहुतेक वेळा सरकलेला दिसतो, तरी लघुग्रहांची नोंद ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरच्या ऑनलाइन चेकरवर बघाच, इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. ट्रान्झियंट नेम सर्व्हरवर (असे नवे ठिपके नोंदवायची वेबसाइट) आधी कोणी नोंदवलाय का तेही बघा. नसेल तर जागा, वेळ, मॅग्निट्यूड (तेज किती ते) देऊन तिथेच बिनधास्त नोंदवा, सुपरनोव्हा आहे हे पक्कं मात्र स्पेक्ट्रम (प्रकाशाचं रंगांत केलेलं विश्लेषण) आल्यावरच.

प्रश्न: दुर्बीण केवढी लागते?

ऑस्ट्रेलियाच्या रॉबर्ट इव्हान्सनी १९८१ मध्ये पहिला सुपरनोव्हा २५ सेंटीमीटरच्या दुर्बिणीतून नुसत्या डोळ्याने शोधला, शेकडो गॅलेक्सींचे चेहरे त्यांना पाठ होते. दुर्बिणीपेक्षा रात्री जास्त लागतात. आपल्यासारख्या गॅलेक्सीत शंभर वर्षांत एखाद-दोनच फुटतात, म्हणून एकीकडेच बघत न बसता शंभर-दोनशेची यादी करा.

प्रश्न: वर्षभर काहीच मिळालं नाही, जुने फोटो डिलीट करू का?

अजिबात नको! त्या एम १०१ वाल्याचा स्फोट नेमका कधी झाला हे ठरवताना शोधाच्या आधीचे हौशी लोकांचे फोटोच कामी आले. प्रत्येक फाइलवर तारीख आणि युनिव्हर्सल टाइम (जगभर एकच धरलेली वेळ) मात्र नीट टाका.