'पेन्सार'चं 'पिएन्सो' होतं, मग 'पेन्सामोस' तसंच का राहतं?

तुम्ही विचारलंय की 'पेन्सार' (विचार करणे) या स्पॅनिश क्रियापदाचं 'मी'साठी 'पिएन्सो' होतं, पण 'आम्ही'साठी 'पेन्सामोस' तसंच का राहतं, आणि ही रूपं पाठ कशी करायची.

तक्ते पाठ करू नका. मी केले होते. सातपूरला कामावर जाताना बसमध्ये पुटपुटायचो. बोलायची वेळ आली की तोंडातून हमखास 'पेन्सो' बाहेर.

मग कान लावला. जोर कुठे पडतो ते ऐका: 'पिएन्सो'त पहिल्या अक्षरावर, 'पेन्सामोस'मध्ये 'सा'वर. धातूच्या स्वरावर जोर आला की तो फुटतो, 'ए'चा 'इए' आणि 'ओ'चा 'उए'. जोर पुढे सरकला की जैसे थे. म्हणून 'पुएदो' (मी शकतो), पण 'पोदेमोस' (आम्ही शकतो). पुस्तकात बदलणारी रूपं बुटाच्या आकारात घेरून दाखवतात. मला त्या बुटाचा काडीचा उपयोग झाला नाही.

आपण नाशिककरांना यात नवल वाटायला नको. गाव नाशिक, पण राहतो 'नाशकात'. प्रत्यय लागला आणि 'शि'मधली 'इ' गळाली. ते कुणी शिकवलं आपल्याला? स्पॅनिश अंकांतही तीच गंमत: सात म्हणजे 'सिएते', पण सत्तर 'सेतेन्ता'. आपलंही सात-सत्तर बघा, 'सा'चा 'स' झालाच की. त्यांच्याकडे हे लॅटिनपासून आलंय, तिथला ऱ्हस्व ए-ओ आघाताखाली फुटत गेला.

आता वाईट बातमी. कुठलं क्रियापद बदलेल हे त्याच्या तोंडावरून कळत नाही. 'एन्तेन्देर' (समजणे) याचं 'एन्तिएन्दो', पण 'ओफेन्देर' (दुखावणे) याचं सरळ 'ओफेन्दो'. 'हुगार' (खेळणे) तर 'उ'चा 'उए' करतं, 'हुएगो', आणि रोजच्या वापरात तसं ते एकटंच. 'पेदीर' (मागणे) यात स्वर फुटत नाही, 'ए'चा नुसता 'इ' होतो: 'पीदो'. हा प्रकार फक्त 'ईर'वाल्यांत.

याच 'ईर'वाल्यांची भूतकाळात आणखी एक खोड आहे. 'तो झोपला' म्हणजे 'दुर्मिओ'. जोर शेवटी, तरी 'ओ'चा 'उ'! इथे माझा नियम आडवा पडतो, पण हे फक्त तृतीय पुरुषात. 'मी झोपलो' मात्र 'दोर्मी'. म्हणून मी वहीत नुसतं 'दोर्मीर' कधी लिहीत नाही. 'दोर्मीर, दुएर्मो, दुर्मिओ' असं एका दमात लिहितो आणि मोठ्याने म्हणतो. घरचे हसतात.