धरणाआधीचा नकाशा

प्रश्न : वडिलांच्या कागदपत्रांत एक इंचाला एक मैल प्रमाणाचा जुना स्थलदर्शक नकाशा सापडला. त्यातली नदीकाठची गावं आता जलाशयाखाली आहेत. या नकाशावरून तेव्हाचा परिसर कितपत कळेल?

उत्तर : पुष्कळ कळेल. आधी समासात सर्वेक्षणाचं साल शोधा. छपाईचं साल वेगळं असतं. चित्र सर्वेक्षणाच्या वेळचं.

मग पाण्याचा काठ आखा. स्थिर पाण्याचा काठ सगळीकडे एकाच उंचीवर असतो, म्हणजे तो आपोआप समोच्च रेषाच (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा) होतो. धरणाची पूर्ण संचय पातळी, म्हणजे धरण पूर्ण भरल्यावर पाणी किती उंचीवर असतं तो आकडा, मिळवा. समजा ती ६०० मीटर आहे. फुटांत सुमारे १९६८. नकाशावरच्या समोच्च रेषा दर ५० फूट उंचीला असतील, तर १९५० आणि २००० यांच्या मधून, १९५०च्या जरा जवळून, ट्रेसिंग कागदावर पेन्सिलने रेघ ओढा. तिच्या आतलं सगळं पाण्यात गेलं.

आता त्या रेघेच्या आतल्या पायवाटा बघा. मी नकाशा उघडला की आधी तुटक रेघाच धुंडाळतो, कारण माणसं कुठून कुठे जात होती ते त्याच सांगतात. तीन-चार वाटा नदीवर एकाच जागी येत असतील आणि पूल दाखवलेला नसेल, तर तिथे बहुधा उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायची उथळ जागा, होता. डोंगरात वाट दोन उंचवट्यांमधल्या सखल जागेतून पलीकडे गेली असेल, तर ती खिंड. समोरासमोरच्या दोन गावांमध्ये तेव्हा एक उतार होता, आज अख्ख्या जलाशयाचा वळसा आहे. कोण कोणाचं शेजारी होतं, हे नव्या नकाशावरून कधीच उमगणार नाही.

विहिरी, ओढे, झाडी यांची चिन्हं सूचीत सापडतील. बांधीव आणि कच्च्या विहिरींची चिन्हं निराळी असतात, तेवढं नीट पाहा.

शेताची हद्द मात्र यावरून ठरवू नका. इथला एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ६३ मीटर, आणि रस्ता दिसावा म्हणून तो मुद्दाम जाड काढलेला असतो. हद्दीसाठी भूमापनाचे नकाशे वेगळे.

एक काम मात्र लांबणीवर टाकू नका. नकाशाची मोठी प्रत काढून त्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांपुढे ठेवा. उताराला, खिंडीला, माळाला काय म्हणत, ते या प्रमाणाच्या नकाशावर क्वचितच छापलेलं असतं. त्यांच्याकडून विचारून ती नावं ट्रेसिंगवर जागच्या जागी लिहून घ्या.