वारा फिरला की हवा फिरते

प्रश्न: आम्ही कोपरखैरण्यात राहतो. पावसाळ्यात येथील हवा उत्तम असते. मात्र दिवाळीच्या सुमारास रात्री उशिरा रसायनांचा उग्र वास येऊ लागतो, सकाळी बाल्कनीतील तुळशीच्या पानांवरून बोट फिरवले तर काळपट पूड लागते आणि दुपारनंतर सारे पुन्हा ठीक होते. कारखाने रात्री गुपचूप धूर सोडतात, असे शेजारी म्हणतात. मोबाइलवर मात्र हवेचा निर्देशांक ‘मध्यम’ दिसतो. खरे काय समजावे?

उत्तर: शेजाऱ्यांचा संशय अगदीच निराधार आहे असे म्हणवत नाही, पण कारखान्यांनी चोवीस तास सारखाच धूर सोडला, तरीही आपल्याला हाच अनुभव आला असता. याचे कारण आपल्या वस्तीच्या जागेत आहे. पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला पारसिकची डोंगररांग आणि या डोंगराच्या पायथ्याशी दिघा, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे असा औद्योगिक पट्टा. खाडी आणि हा पट्टा यांच्यामध्ये आपली घरे. दुपारी खारे वारे खाडीकडून डोंगराकडे वाहतात आणि कारखान्यांचा धूर आपल्यापासून दूर नेतात. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर निवते, मतलई वारे सुटतात, त्यांत डोंगरउतारावरून खाली घसरणाऱ्या थंड हवेची भर पडते आणि हा सारा मंद प्रवाह औद्योगिक पट्टा ओलांडून थेट आपल्या खिडकीशी येतो.

हिवाळ्यात याच्या जोडीला दुसरे संकट असते. निरभ्र रात्री जमिनीची उष्णता झपाट्याने निघून जाते आणि जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते. भूगोलात आपण जिला तापमानाची विपरीतता म्हणतो, ती हीच. थंड हवा जड असल्याने वर चढत नाही. पातेल्यावर झाकण ठेवावे तसा वरचा उबदार थर धूर व धूळ खालीच कोंडून ठेवतो. दुपारी जी घाण हजारभर मीटर उंचीपर्यंत विरळ झाली असती, ती रात्री शे-दोनशे मीटरांत अडकते. हिवाळ्यात पहाटे एखादी चिमणी मुद्दाम पाहावी: धूर थोडा वर जातो आणि मग आडवा पसरतो. ऊन चांगले तापेपर्यंत हे झाकण उठत नाही. सकाळी फिरायला जाण्याच्या आपल्या सवयीला म्हणूनच हिवाळ्यात थोडी मुरड घालावी. दुपारी उशिरा, खारा वारा वाहत असताना फिरणे अधिक चांगले. खिडक्याही रात्री बंद ठेवून दुपारी उघडाव्यात.

पावसाळ्यात नैऋत्य मोसमी वारे जोरात असतात, पाऊस धूळ खाली बसवतो आणि ओली जमीन नवी धूळ उडू देत नाही. मुंबई परिसरातून मोसमी पावसाच्या माघारीची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे, म्हणजे दिवाळीच्या थोडी आधी. सारा दोष फटाक्यांवर ढकलला जातो तो यामुळे. फटाके निर्दोष नाहीतच. परंतु ते वाजतात तेव्हा वारा आधीच मंदावलेला असतो आणि त्यांचा धूर विरल्यावरही कोंडी महिनोन् महिने टिकते.

आता निर्देशांकाविषयी. सूक्ष्म धूलिकणांसाठी तो २४ तासांच्या सरासरीवर काढला जातो. त्यामुळे मध्यरात्रीची गर्दी दुपारच्या स्वच्छ हवेत मिसळून सौम्य दिसते. शिवाय त्यात आठच प्रदूषके धरलेली आहेत. सल्फर डायऑक्साइड व अमोनिया त्यांत आहेत. हायड्रोजन सल्फाइड आणि बहुतेक सॉल्व्हंटच्या (इतर पदार्थ विरघळवणाऱ्या रसायनांच्या) वाफा, ज्यांचा वास आपल्याला येत असावा, त्या नाहीत. ‘मध्यम’ या शब्दानेही निश्चिंत होऊ नये. हा टप्पा १०१ ते २०० असा आहे, आणि २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम हे २४ तासांचे राष्ट्रीय मानक ओलांडले की तो सुरू होतो.

तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करावी, आणि ‘वास येतो’ एवढेच न लिहिता तारीख, वेळ, वासाचा प्रकार व वाऱ्याची दिशा नोंदवावी. दिशेसाठी उदबत्तीचा धूर पुरतो. वारा पश्चिमेचा, खाडीला ओहोटी आणि वास कुजक्या अंड्यासारखा असेल, तर तो उघड्या पडलेल्या चिखलाचा असू शकतो. पूर्वेच्या वाऱ्याबरोबर येणारा वास वेगळा नोंदवावा.

प्रश्न: ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत येऊरचे जंगल असूनही धूळ का?

उत्तर: जंगल हवा थंड राखते आणि पानांवर थोडी धूळ अडवते, परंतु रस्त्यावरची अवजड वाहतूक व बांधकामे यांची धूळ जमिनीलगतच उडते. येऊरचे डोंगर आपल्या पश्चिमेला असल्यामुळे समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यालाही काहीसा आडोसा होतो. तेव्हा येथे दिलासा हवा असेल, तर रस्ते ओले ठेवणे आणि बांधकामाला हिरवे कापड लावणे यांचाच पाठपुरावा सोसायटीने महापालिकेकडे करावा.