जुना रिसिव्हर चरचरतो तेव्हा

प्रश्न : वडिलांनी १९७८ साली मस्कतहून आणलेला जपानी स्टीरिओ रिसिव्हर घरी आहे. व्हॉल्यूम फिरवला की खरखर होते. शिवाय डाव्या स्पीकरमधून सतत चरचर येते, मधूनच ‘फट्’ असा आवाज होतो; व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी थांबत नाही. दुरुस्तीवाले सगळे कंडेन्सर बदला म्हणतात. बदलू का? – एक वाचक, मिरज

उत्तर : इतक्यात नको. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. मुख्य फिल्टर कंडेन्सर वाळले की बहुधा दोन्ही बाजूंनी १०० हर्ट्झची जाड घूं ऐकू येते. एकाच बाजूची चरचर बहुतेक वेळा एखाद्या छोट्या ट्रान्झिस्टरची असते.

तो कुठल्या भागात आहे ते आधी ठरवा. मागे ‘प्री-आउट’ (टोनच्या भागातून बाहेर येणारा सिग्नल) आणि ‘मेन-इन’ (पॉवर अँपला, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या भागाला, जाणारा सिग्नल) जोडणाऱ्या यू आकाराच्या पट्ट्या असतील, तर सेट बंद करून त्या काढा. आरसीए केबलनं डावं प्री-आउट उजव्या मेन-इनला आणि उजवं डाव्याला जोडा. चरचर उजव्या स्पीकरमध्ये गेली तर दोष टोन कंट्रोलच्या बोर्डावर. डावीकडेच राहिली तर पॉवर अँपमध्ये. व्हॉल्यूम शून्यावर चरचरतो म्हणजे पॉवर अँपच, असं धरून चालू नका. पुष्कळ सेटमध्ये टोनचं सर्किट व्हॉल्यूमच्या नंतर येतं.

पॉवर अँपमध्ये पहिला संशय सुरुवातीच्या ट्रान्झिस्टरच्या जोडीवर घ्या. त्या काळातले २एसए७२६ आणि २एससी४५८ या दोषासाठी कुप्रसिद्धच आहेत. चालू सेटमध्ये एकेका ट्रान्झिस्टरवर फ्रीझ स्प्रेची (पार्ट झटकन थंड करणाऱ्या फवाऱ्याची) बारीक धार सोडा. आवाज बदलला की गुन्हेगार सापडला. (चालू सेटमध्ये हात घालण्याची सवय नसेल तर हे जाणकाराकडूनच करून घ्या.) बदलताना जोडीतले दोन्ही बदला, मल्टिमीटरवर एचएफई (ट्रान्झिस्टरचा गेन) जुळवून. ७२६ ला केएसए९९२ आणि ४५८ ला केएससी१८४५ चालतो. पायांचा क्रम डेटाशीटवरून पडताळा, आणि नकली माल टाळण्यासाठी खात्रीच्या दुकानातूनच घ्या.

सोल्डरिंगचा डाग देण्याआधी प्लग काढून फिल्टर कंडेन्सरमधला चार्ज १ किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरमधून अर्धा मिनिट उतरवा आणि मीटरनं खात्री करा. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करू नका. काम झाल्यावर १०० वॉटचा तारेचा बल्ब मेनच्या वायरीत सिरीजमध्ये लावून सेट सुरू करा. बल्ब क्षणभर चमकून मंद व्हायला हवा. लखलखत राहिला तर लगेच बंद. मग स्पीकर न जोडता त्यांच्या टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तरच स्पीकर लावा.

खरखरीसाठी सेट बंद ठेवून व्हॉल्यूम कंट्रोलच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनर थोडा मारा, २५-३० वेळा पूर्ण फिरवा आणि तासभर सुकू द्या. सिलेक्टर आणि टेप मॉनिटरचं बटणही असंच साफ करा. डब्ल्यूडी-४० वापरू नका. एवढं करूनही खरखर राहिली तर कंट्रोलवर डीसी येतोय का ते मोजा. येत असेल तर त्याच्या आधीचा कपलिंग कंडेन्सर (डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे सोडणारा) गळतोय. इथे मात्र कंडेन्सर बदलायचा, पण तेवढाच.

मागे व्होल्टेज सिलेक्टर असेल तर तो २४० वर आहे ना, तेही पाहा. आखातातून आलेले सेट अनेकदा २२० वर राहिलेले असतात.

प्रश्न : रिसिव्हर फोनोवर (रेकॉर्ड प्लेअरवर) लावला की फक्त घूं येते, रेडिओ स्वच्छ वाजतो. – एक वाचक, ठाणे

उत्तर : टर्नटेबलची (रेकॉर्ड प्लेअरची) सुटी अर्थ वायर मागच्या ‘जीएनडी’ स्क्रूला घट्ट बसवा, आरसीए पिना पुसा, आणि टर्नटेबल रिसिव्हरच्या ट्रान्सफॉर्मरपासून हातभर लांब ठेवा.