‘जुळी’ की ‘जोडी’? महाकाय कृष्णविवरांसाठी नेमका शब्द

हिंगोलीच्या एका वाचकाचा प्रश्न : गॅलक्सी क्लस्टरमध्ये दोन-दोन महाकाय कृष्णविवरं सापडतात, त्यांना ‘जुळी’ म्हणावं का? आणि क्लस्टरला ‘समूह’ चालेल का?

‘जुळी’ नको. जुळी म्हणजे एका कुशीतून एकाच वेळी जन्मलेली. ही कृष्णविवरं वाढतात वेगवेगळ्या दीर्घिकांत, म्हणजे गॅलक्सींत. दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की जवळ येतात. दोन घरचा एकेक बैल सावडीनं आणावा, तसं. म्हणून शब्द ‘जोडी’. पण एक देवणी आणि एक लाल कंधारी शेजारी बांधले तर ते नुसते दोन बैल; मानेवर एकच जू आलं की जोडी. हा काटेकोरपणा इथेही हवा. परस्परांच्याच ओढीनं फिरणारी ती जोडी. पुस्तकी लेखनात ‘युग्म’ही चालेल, अर्थ हाच ठेवून.

एबेल ४०० या क्लस्टरमधल्या ३सी ७५ या रेडिओ स्रोतात दीर्घिकांच्या दोन केंद्रांत सुमारे २५,००० प्रकाशवर्षांचं अंतर आहे. दोन्ही कृष्णविवरांजवळून निघणारे रेडिओ झोत एकाच बाजूला वाकलेत, म्हणजे तप्त वायूतून दोघं सोबतीनं चाललेत. तरी एवढ्या अंतरावर ओढ असते ती दीर्घिकांची. मी ‘होऊ घातलेली जोडी’ लिहीन. ०४०२+३७९ या रेडिओ दीर्घिकेत मात्र अंतर २४ प्रकाशवर्षं. तिथे ‘जोडी’ बिनधास्त लिहा. रेडिओ चित्रातला दुसरा ठिपका कृष्णविवर नसून झोतातली गाठ असेल, तर निरीक्षणाची वारंवारता वाढवताच तो झपाट्यानं मंदावतो. कृष्णविवराजवळचा गाभा तसा मंदावत नाही. परीक्षा ही.

‘समूह’ही टाळावा. ‘तारकासमूह’ आपण मृगाला म्हणतो, आणि मृगातले तारे फक्त एका दिशेला दिसतात, अंतरं निरनिराळी. क्लस्टर गुरुत्वानं बांधलेला असतो, म्हणून ‘दीर्घिकागुच्छ’. दीर्घिका पन्नासेकच असतील तर ‘गट’. गुच्छात आणखी एक फसगत होते. तिथे दीर्घिकांचे वेग सेकंदाला १,००० किमीच्या घरात असतात. त्यामुळे ताम्रसृती (प्रकाशाचं लाल रंगाकडे सरकणं, रेडशिफ्ट) साधारण जुळली, तरी एक दीर्घिका दुसरीच्या लाखो प्रकाशवर्षं मागे असू शकते. एकमेकींच्या ओढीनं ताऱ्यांचे ओढले गेलेले पदर दिसेपर्यंत ‘शेजारी दिसणारी’ एवढंच लिहावं.

औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या बातम्यांतही ‘कृष्णविवरांची जोडी’ येईल, पण ती ताऱ्यांच्या वजनाची. सूर्याच्या अब्जावधी पट वजनाच्या जोडीची एक गुरुत्वीय लहर यायला वर्षं लागतात. लायगोच्या ४ किमीच्या भुजांना ती कळत नाही. त्यासाठी खोडदच्या जीएमआरटीसारख्या रेडिओ दुर्बिणींनी स्पंदकांचे (नियमित रेडिओ ठोके देणाऱ्या पल्सार ताऱ्यांचे) ठोके वर्षानुवर्षं मोजावे लागतात. म्हणून ‘महाकाय’ हे विशेषण मथळ्यातूनही गाळू नका.