प्रीस्ट्रेस्ड गर्डर अंतिम लोडवर पास होतो, मग मधले टप्पे कशाला तपासायचे?

तुम्ही विचारलंय की पुलाचा प्रीकास्ट (यार्डात आधीच ओतलेला) प्रीस्ट्रेस्ड (ताणलेल्या पोलादी तारांच्या दोरांनी, म्हणजे स्ट्रँडनी, काँक्रीट दाबून ठेवलेला) गर्डर पूर्ण वाहतुकीच्या भाराखाली पास होत असेल, तर ट्रान्सफर (ताणलेल्या स्ट्रँड सोडून त्यांचं बल काँक्रीटवर आणणं), लिफ्टिंग, इरेक्शन (गर्डर पुलावर बसवणं) हे टप्पे वेगळे तपासायची खरंच गरज आहे का. आहे. मुंबईत प्रीकास्टच्या डिझाइनमध्ये काम करताना मी जे तडकलेले गर्डर पाहिले, त्यांतले बहुतेक पुलावर चढायच्या आधीच तडकले होते.

साध्या आरसीसी (लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटच्या) बीममध्ये भार वाढला की ताण वाढतो, म्हणून सगळ्यात मोठा भार तपासला की बरंचसं काम झालं. प्रीस्ट्रेस्ड बीममध्ये खालच्या बाजूच्या स्ट्रँड त्याला वर वाकवत असतात आणि स्वतःचं वजन त्याला खाली दाबून धरतं. हे वजन काढून घेतलं, किंवा नुसती टेकू द्यायची जागा बदलली, तरी हिशोब पालटतो.

आकडे घालून बघा. ३०० बाय ६०० मिमीचा, १० मीटर लांबीचा बीम. १२.७ मिमीच्या ८ सरळ स्ट्रँड, ट्रान्सफरनंतरचं बल साधारण १००० किलोन्यूटन, एक्सेंट्रिसिटी (बीमच्या मध्यरेषेपासून स्ट्रँडचं अंतर) १५० मिमी. नुसत्या प्रीस्ट्रेसनं वरच्या कडेला २.८ मेगापास्कल टेन्शन (ओढीचा ताण) येतं. बीमचं वजन मीटरला ४.५ किलोन्यूटन. तो दोन्ही टोकांवर टेकलेला असेल तर मध्यावर हे वजन वरच्या कडेला ३.१ कॉम्प्रेशन (दाबाचा ताण) देतं, म्हणजे टेन्शन पूर्ण पुसलं जातं. आता क्रेनच्या सोयीसाठी कुणी हूक टोकांपासून २ मीटर आत घेतले असं धरा. हुकाजवळच्या छेदावर, टोकांवर टेकलेलं असताना टेन्शन जेमतेम ०.८ होतं, उचलल्यावर ते ३.३ होतं. क्रेनच्या झटक्यासाठी २५ टक्के वाढवा, ३.४. त्या दिवशी क्यूबची (त्याच काँक्रीटच्या चाचणीच्या ठोकळ्याची) ताकद २८ मेगापास्कल असेल तर काँक्रीट साधारण ३.७ ला तडकतं (०.७ गुणिले २८ चं वर्गमूळ). बीमवर बाहेरचा एक किलोही भार नाही आणि आपण काठावर उभे आहोत.

हे मी कागदावर शिकले नाही. नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात एका कास्टिंग यार्डात गर्डर रचून ठेवले होते. जागा कमी म्हणून खालचे लाकडी गुटके ड्रॉइंगमध्ये दाखवलेल्या जागेपासून बरेच आत सरकवले होते. सर येऊन गेली, ऊन पडलं, वरचा पृष्ठभाग वाळायला लागला आणि बरोबर गुटक्याच्या वर एक बारीक काळी रेघ ओलीच राहिली. काँक्रीट वाळतं, पण तड्यात पाणी धरून राहतं, म्हणून तडा त्या दहा-पंधरा मिनिटांतच नीट दिसतो. तेव्हापासून पाऊस थांबल्यावर यार्डात फिरायची सवय लागली. ट्रान्सफरचंही तसंच, एकदा समोर उभं राहून बघा. स्ट्रँड सोडल्या की बीमचा मधला भाग बेडवरून (ज्या पृष्ठभागावर तो ओतला त्यावरून) इतका उचलला जातो की खाली कागद सरकतो. तो कॅम्बर (वरचा बाक) पाहिला की वरच्या कडेचं टेन्शन पुन्हा कधी विसरायला होत नाही.

वाहतुकीत टेकू ट्रेलरवर कुठे येतात ते बघा, आणि रस्त्याच्या आडव्या उतारावर गर्डर बाजूला कलतो तेही. लांब, अरुंद वरच्या पट्टीच्या गर्डरला तिथे आडवं बेंडिंग येतं. मध्यरात्री हायवेवरून गर्डर इतक्या सावकाश का नेतात, त्याचं हे एक कारण.

नवीन इंजिनिअर सगळ्यात जास्त चुकतात ते डेक स्लॅबच्या (गर्डरवर ओतायच्या रस्त्याच्या स्लॅबच्या) टप्प्यावर. खालून टेकू नसतील तर ओल्या स्लॅबचं वजन एकटा गर्डर घेतो, त्याच्या स्वतःच्या छोट्या सेक्शनवर. स्लॅब पक्का झाल्यावर जो भार येतो (वेअरिंग कोट म्हणजे रस्त्याचा वरचा थर, क्रॅश बॅरियर म्हणजे कडेचा कठडा, गाड्या) तो काँपोझिट सेक्शनवर, म्हणजे गर्डर आणि स्लॅब मिळून झालेल्या छेदावर. आधीचे ताण गर्डरमध्ये तसेच राहतात, नवे त्यांच्यावर चढतात. सॉफ्टवेअरमध्ये सगळा भार एकदम काँपोझिट सेक्शनवर टाकला तर खालच्या कडेचं टेन्शन कमी दिसतं आणि गर्डर खोटा पास होतो. शिवाय नवा स्लॅब जुन्या गर्डरपेक्षा जास्त आकसतो, त्याचे ताण वेगळे धरावे लागतात.

दुसरीकडे प्रीस्ट्रेसही गळत असतो: इलॅस्टिक शॉर्टनिंग (बल येताच काँक्रीट आखूड होणं), क्रीप (दाबाखाली हळूहळू आखूड होत जाणं), श्रिंकेज (वाळताना आकसणं), स्ट्रँडचं रिलॅक्सेशन (ताण हळूहळू सैल पडणं). एकूण १५ ते २५ टक्के हा नेहमीचा अंदाज. म्हणून सुरुवातीच्या टप्प्यांना जास्तीत जास्त बल आणि कच्चं काँक्रीट, शेवटच्या टप्प्याला कमीत कमी बल आणि पूर्ण भार, अशा जोड्या लावतात. अल्टिमेट स्ट्रेंग्थची (मोडेपर्यंतच्या ताकदीची) तपासणी याच्यानंतर; ती वेगळी आहे आणि या ताणांच्या तपासणीची जागा घेत नाही.

सुरुवात करत असाल तर प्रत्येक टप्प्यासाठी चार गोष्टी लिहा: त्या दिवशीची क्यूबची ताकद, प्रीस्ट्रेसचं बल, टेकू कुठे, कुठला सेक्शन काम करतोय. मग हूक आणि गुटक्यांची मापं ड्रॉइंगवर ठळक टाका, आणि रिलीजला (स्ट्रँड सोडताना) किती ताकद हवी तेही त्याच शीटवर. यार्डातल्या फोरमनच्या हातात तीच शीट असते, तुमची कॅल्क्युलेशनची फाइल नाही.