जुना तीन तव्यांचा नांगर मिळतोय, तवे गंजलेत. घ्यावा का? घेतला तर चालवावा कसा?

तुम्ही लिहिलंय की ट्रॅक्टर चाळीसेक अश्वशक्तीचा आहे, नांगर कित्येक वर्षं उघड्यावर पडून आहे, आणि विकणारा म्हणतोय, "तवे बदलले की नवाच." तवे, म्हणजे माती कापणाऱ्या गोल लोखंडी चकत्या, खरोखरच बदलता येतात, ते झिजण्यासाठीच असतात. म्हणूनच तव्यांकडे बघून जुना नांगर घेऊ नये आणि तव्यांकडे बघून तो सोडूही नये. मी अशा नांगरांची डागडुजी करतो, त्यांनी शेतही नांगरतो. नांगराचा जीव तीन ठिकाणी असतो: हबमध्ये (तवा ज्यावर बसून फिरतो तो मधला भाग), चौकटीच्या सरळपणात आणि मागच्या चाकात. ही तिन्ही शाबूत असतील तर गंजलेल्या तव्यांना घाबरू नका.

आधी तो नक्की नांगरच आहे ना, हे बघा. तव्यांच्या नांगरात प्रत्येक तवा स्वतंत्र हबवर, स्वतंत्र बेअरिंगवर फिरतो आणि किंचित मागे कललेला असतो. सगळे तवे एकाच लांब आसावर ओवलेले आणि उभे असतील, तर ते वेगळं अवजार आहे. अमेरिकेच्या मैदानी भागात 1920 च्या दशकात असं एका आसावरचं अवजार झपाट्याने पसरलं, कारण त्याने थोड्या वेळात खूप जमीन निघायची. पण ते माती फार बारीक करून ठेवायचं, आणि 1930 च्या दशकात तिथली जमीन धुळीच्या वादळांत उडाली त्याला दुष्काळाबरोबर ही मशागतही कारण होती. हलक्या, कोरड्या जमिनीत मी ते वापरणार नाही. आणि तव्याच्या मधोमध चौकोनी भोक असेल तर तो बहुधा कुळवाचा तवा. नांगराचा तवा साधारणपणे हबवर बोल्टांनी बसवलेला असतो.

आता हब. नांगर उचलून खाली भक्कम लाकडी ओंडके द्या. नुसत्या हायड्रॉलिकवर उचललेल्या नांगराखाली हात घालू नका, जुन्या लिफ्टचे सील कधी दगा देतील सांगता येत नाही. मग तव्याची वरची आणि खालची कड धरून जोरात हलवा. थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर चिंता नको. आत बहुतेक निमुळती रोलर बेअरिंग असतात. टोपण काढून, स्प्लिट पिन सोडून नट आवळला की तो प्ले जातो. तवा हाताने फिरवताना खरखर ऐकू आली तर बेअरिंग गेलं समजा. तेही मिळतं, त्याचा नंबर त्याच्या कड्यावर कोरलेला असतो. पण बेअरिंग ज्या स्पिंडलवर, म्हणजे आखूड आसावर, बसतं तोच झिजला असेल, बेअरिंगची आतली रिंग त्यावर फिरल्याच्या खुणा दिसत असतील, तर तो लेथवर कातून किंवा वेल्डिंगने भरून घ्यावा लागतो. तीनपैकी दोन स्पिंडल असे निघाले तर मी तो नांगर सोडून देतो.

चौकटीसाठी एक लांब सूत आणि मोजपट्टी न्या. पहिल्या हबच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर आणि दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंतचं अंतर सारखं यायला हवं. तव्याच्या कडेवरून मोजू नका, कारण तवे कमीजास्त झिजलेले असतात. तिन्ही हबवरून सूत ताणा, एकही ओळीबाहेर जाता कामा नये. मुळात खडकावर आदळून वाकलेली चौकट दिसायला सरळच वाटते, शेतात मात्र एक तवा खोल जातो, दुसरा नुसता माती खाजवतो, आणि चालवणारा दिवसभर टॉप लिंक (नांगर ट्रॅक्टरला जोडणारा वरचा, लांबी बदलता येणारा दांडा) फिरवत बसतो. जिथे तव्याचा पाय चौकटीला जोडलेला असतो तिथे वेल्डिंगचे जुने थर शोधा. ताजा रंग फासलेला असेल तर तिथला रंग खरवडून बघायची परवानगी मागा. कोणी नाही म्हणालं तर ते उत्तरच पुरेसं आहे.

मागचं चाक हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. तवे माती उजवीकडे फेकतात, त्यामुळे नांगर डावीकडे, न नांगरलेल्या जमिनीकडे ढकलला जातो. हा रेटा ते तिरकं, धारदार कडेचं लोखंडी चाक शेवटच्या तासाच्या, म्हणजे नांगराने पाडलेल्या चरीच्या, भिंतीला टेकून झेलतं. ते चाक डुगडुगत असेल, त्याची कड गोल झाली असेल किंवा स्प्रिंग मेलेली असेल, तर नांगराची शेपूट सरकते, ट्रॅक्टरचं तोंड ओढलं जातं आणि माणूस स्टिअरिंगशी झुंजत राहतो. अशा नांगरात लोक तवे बदलतात, कोन बदलतात, आणि दोष मात्र चाकातच राहतो. चाक गायब असेल तर दुसऱ्या एखाद्या नांगराचं मिळतंय का ते आधी बघा, मगच सौदा करा.

तवे बघायचे ते असे. भोकांपासून कडेकडे जाणारी चीर असेल तर तो तवा बाद. तिच्यावर वेल्डिंग केलं तरी शेजारून पुन्हा तडकतो. मूळचा तवा साधारण 60 ते 70 सेंमी व्यासाचा असतो, आणि व्यासाच्या एक तृतीयांशाच्या आसपासच तो नीट खोल जाऊ शकतो. म्हणजे झिजून पाच-सहा सेंमी लहान झाला तरी थोडी खोली गमावून तो काम करतो. धार बोथट असेल तर ती मूळ ज्या बाजूने होती त्याच बाजूने ग्राइंडरवर काढा, आणि थांबत थांबत, कारण कड निळी पडेपर्यंत तापली की तिचं पाणी उतरतं, म्हणजे टणकपणा जातो. नवे घ्यायचे झाले तर व्यास, तव्याची खोली, भोकांची संख्या आणि भोकांच्या वर्तुळाचा व्यास हे चारही लिहून न्या. तव्यावरची माती खरवडणारे स्क्रॅपर जागेवर आहेत का तेही बघा. चिकण जमिनीत त्यांच्याशिवाय तवा मातीने भरतो आणि फिरायचाच थांबतो.

नटबोल्ट सोडताना एक काळजी घ्या. जुन्या ब्रिटिश अवजारांवर व्हिटवर्थ आटे असतात, अमेरिकन अवजारांवर त्यांचे इंची आटे. व्हिटवर्थ आट्याचा कोन 55 अंश आणि अमेरिकन आट्याचा 60 अंश, म्हणून दिसायला सारखे वाटले तरी ते एकमेकांत जबरदस्तीने घालू नका. मिलिमीटरच्या पान्याने या नटांची डोकी गोल होतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी बोल्टचं डोकं ठोका, मग सोडवा.

ट्रॅक्टरला जोडण्याआधी पिनांचा व्यास मोजा. जोडणीच्या ठरलेल्या मापांपैकी पहिल्या श्रेणीची खालची पिन 22 मिमी आणि वरची 19 मिमी असते, दुसऱ्या श्रेणीची खालची 28 आणि वरची 25 मिमी. फरक असेल तर पिनेवर चढवायचे बुश मिळतात, पण खालच्या दोन पिनांमधलं अंतरही जुळायला हवं.

तुमच्या ट्रॅक्टरला तीन तवे जड जातील असं मला वाटतं. कोरड्या, कडक जमिनीत तर नक्कीच. बऱ्याच जुन्या नांगरांत तिसरा तवा काढून मागचं चाक पुढे घेता येतं, चौकटीवर तशी भोकं आहेत का ते बघा. दोन तव्यांनी पूर्ण खोलीवर सरळ चाललेलं काम, तीन तव्यांनी चाक घसरत केलेल्या कामापेक्षा कितीतरी चांगलं. पुढच्या बाजूला वजनं लावा, नाहीतर नांगर उचलल्यावर पुढची चाकं हलकी पडतील आणि वळणावर स्टिअरिंग ऐकणार नाही.

आता चालवणं. फाळाच्या नांगराला जमिनीत ओढून नेणारा कल असतो, तव्यांचा नांगर मात्र आपल्या वजनाने आत शिरतो. म्हणून हलका, बारीक चौकटीचा नांगर कडक जमिनीवर नुसता घसरतो, आणि म्हणूनच जुन्या जड नांगरांना मी मान देतो. आत शिरत नसेल तर आधी धार बघा, मग चौकटीवर वजन ठेवा, त्यानंतर तव्याचा चालीच्या दिशेशी असलेला कोन एक भोक वाढवा. तो साधारण 42 ते 45 अंशांत असावा. तव्याचा मागचा कल 15 ते 25 अंश असतो. तोही बदलता येतो, पण एका वेळी एकच गोष्ट बदला आणि थोडं अंतर चालवून बघा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की सुधारणा कशाने झाली ते कळत नाही.

पहिलं तास निम्म्या खोलीवर काढा. दुसऱ्या फेरीत उजवं मागचं चाक त्या तासात उतरतं, ट्रॅक्टर कलतो, म्हणून उजवा उचलदांडा आखूड करून चौकट पुन्हा समतल करा. मागून उभं राहून बघा, सगळे तवे सारख्या खोलीवर हवेत. पुढचा तवा उथळ जात असेल तर टॉप लिंक थोडी आखूड करा. वेग तासाला चार ते सहा किलोमीटर. त्यापेक्षा जोरात गेलात तर माती लांब फेकली जाते आणि तासाची रुंदी बिघडते.

वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, नसताना नांगर काढू नका. तव्यांचा नांगर ओल्या जमिनीतही चालतो, म्हणून मोह होतो, पण त्याने खाली घट्ट थर बसतो आणि वर वाळून दगड झालेली ढेकळं राहतात. दगडगोटे, मुळ्या असलेल्या जमिनीत मात्र त्याच्यासारखं काही नाही; फाळ जिथे अडून मोडतो तिथे तवा त्यावरून वर चढून पुढे जातो. पिकाचे धसकटं आणि तण पूर्ण गाडायचे असतील तर फाळाचा नांगरच चांगला, तवे त्यातलं बरंच वर ठेवतात.

सुरुवातीला थोडा वेळ नांगरल्यावर थांबून सगळे बोल्ट पुन्हा आवळा आणि हबवर हात ठेवून बघा. हात टेकवत नाही इतका एखादा हब तापला असेल तर नट जास्त आवळला गेलाय किंवा ग्रीस आत पोचलेलं नाही. रोज काम सुरू करण्याआधी ग्रीस मारा, जुनं काळं ग्रीस सीलमधून बाहेर येईपर्यंत. हंगाम संपला की तवे घासून त्यांवर ग्रीसचा हात फिरवा आणि नांगर फळ्यांवर उभा करा, मातीवर नको.